भिंतीवरचे क्रियापद

मराठीच्या एम.ए.च्या वर्गात भाषेचा इतिहास शिकवताना आम्ही दगडापासून आरंभ करतो. श्रवणबेळगोळ, अक्षी, परळ ही नावे फळ्यावर लिहायची, कोणत्या अभ्यासकाने कोणते वाचन लावले ते सांगायचे आणि तेथून लीळाचरित्राकडे वळायचे, हा आमचा दरवर्षीचा क्रम. आमच्यापैकी एक अमरावतीत शिकवतो, दुसरी अकोल्यात. दोन्ही वर्गांत दगड तेच आणि टिपणेही थोड्याफार फरकाने तीच. शिलालेखानंतर भिंतीवरचे लेखन अभ्यासक्रमातून कायमचे नाहीसे होते, ही गोष्ट आमच्या ध्यानात यायला मात्र बरीच वर्षे जावी लागली. तीही पुस्तक वाचून आली नाही, चुन्याच्या बादलीमुळे आली.

काही वर्षांपूर्वी आमच्या दोन महाविद्यालयांपैकी एकात मूल्यांकन समिती येणार होती. परिसर स्वच्छ दिसावा म्हणून एक उपसमिती नेमली गेली आणि तीत आमचे नाव होते. सायकल स्टँडच्या मागची भिंत नावांनी, बाणांनी, बदामांनी आणि काही अश्लील ओळींनी भरलेली होती. ती पांढरी करून घेण्याचा निर्णय आमचाच. त्या भिंतीच्या एका कोपऱ्यात कोळशाने दोन वाक्ये लिहिली होती: 'कापूस येचाले गेलतो. गैरहजर नोतो.' चुना लागण्यापूर्वी आम्ही ती हजेरीपटाच्या मागच्या पानावर उतरवून घेतली. हेतू इतकाच, की वऱ्हाडी बोलीच्या तासाला नमुना म्हणून उपयोगी पडतील. 'वेचायला'चे 'येचाले' कसे होते आणि 'नव्हतो'चे 'नोतो' कसे, हे त्यातून छान दाखवता येते. त्याच आठवड्यात पंचाहत्तर टक्के हजेरी न भरलेल्या विद्यार्थ्यांची यादी सूचनाफलकावर लागली होती आणि तिच्याखाली सही आमची होती. ती यादी आणि ती दोन वाक्ये एकमेकांशी जोडून वाचण्याचे त्या वेळी आम्हाला सुचले नाही. प्रस्तुत लेख हा ते उशिरा सुचलेले वाचन आहे.

प्रथम दगडाचे व्याकरण पाहू. श्रवणबेळगोळच्या लेखातील क्रियापद 'करवियलें' हे आहे. करविले, म्हणजे स्वतः केले नाही, दुसऱ्याकडून करून घेतले. करविणाऱ्या चामुंडरायाचे नाव लेखात आहे, ज्याने छिन्नी धरली त्याचे नाही. शिलालेखाचा बहुतेक सारा व्यवहार या प्रयोजक क्रियापदात सामावतो. ज्याच्यापाशी दगड, पाथरवट आणि अधिकार आहे तो आपले झालेले काम नोंदवतो. काळ भूतकाळ, कर्ता नामवंत, लेखन कायमचे. वऱ्हाडातील किल्ल्यांवरही हेच दिसते. नरनाळ्याच्या महाकाली दरवाजावरचा बहामनी काळाच्या उत्तरार्धातील लेख हे त्याचे देखणे उदाहरण. अकोल्याच्या असदगडावर औरंगजेबाच्या कारकिर्दीचा आणि नवाब असदखानाचा उल्लेख करणारा लेख होता. पण त्याच किल्ल्याच्या अगरवेशीवर मराठीत एक निराळाच लेख असल्याची नोंद जुन्या जिल्हा गॅझेटियरमध्ये सापडते. गोविंद आप्पाजी यांनी १८४३ मध्ये हा किल्ला बांधला, असे तो लेख सांगतो. किल्ल्यावरच्या इतर सर्व लेखांना छेद देणारे हे विधान आहे, असे गॅझेटियरकारांनीही नमूद केले आहे. या गोविंद आप्पाजींनी किल्ल्याचे काय केले असेल ते असो, भिंतीची ताकद त्यांनी नेमकी ओळखली होती. भिंतीवर जो लिहितो तो त्या जागेवर आपला हक्क सांगतो आणि वाचणाऱ्याने तो मानावा अशी अपेक्षा धरतो.

हा हक्क मोडणाऱ्याला शाप देण्याची सोयही दगडाने केली होती. बाराव्या शतकातील परळच्या लेखाच्या शेवटी येणारी गाढवाची शापवाणी वर्गात वाचताना शिक्षकाचा आवाज दरवर्षी आपोआप खाली येतो. तसा शाप कोरलेल्या किंवा गाढवाची आकृती खोदलेल्या दगडांना आपण 'गद्धेगाळ' म्हणतो आणि त्यावर शोधनिबंध लिहितो. आता अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या कोणत्याही आडोशाच्या भिंतीपाशी जावे. येथे लघवी करणारा मनुष्य गाढवाचा वंशज आहे, अशा आशयाची सूचना, बहुधा हिंदीत, घरमालकाने रंगवून ठेवलेली असते. आठशे वर्षांत राजवटी गेल्या, दानपत्रे गेली, गाढव मात्र राखणीच्या कामावर कायम आहे. पहिल्याला आपण अभिलेख मानतो, दुसऱ्याला घाण. दोन्हींत काहीच फरक नाही असे आमचे म्हणणे नाही. पण फरक लेखनात किती आणि लिहिणाऱ्याच्या दर्जात किती, हा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्याने विचारायला हवा.

या प्रश्नाची दुसरी बाजू वऱ्हाडच्या वेशीलगतच, अजिंठ्याला दिसते. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातील बोधिसत्त्वाच्या चित्रावर आपले नाव, पलटण आणि तारीख ओरखडून ठेवली. परवानगीचा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही. आज तो ओरखडा लेण्यांच्या 'शोधा'चा पुरावा म्हणून दाखवला जातो. आणि नरनाळ्याला सहलीला गेलेल्या एखाद्या मुलाने दरवाजाच्या दगडावर आपल्यासोबत आणखी एक नाव कोरले, तर राष्ट्रीय स्मारकांसंबंधीच्या १९५८ च्या कायद्याखाली, २०१० च्या दुरुस्तीनंतर, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. स्मारके राखली पाहिजेत याविषयी आमच्या मनात शंका नाही. आम्ही फक्त एवढे नोंदवतो, की अनधिकृत लेखनाला कालांतराने अधिकृतपणा मिळतो, पण तो सर्वांना मिळत नाही.

'अनधिकृत' या शब्दाविषयीही थोडे थांबून बोलले पाहिजे. दुसऱ्याच्या भिंतीवर त्याला न विचारता सर्वांत जास्त कोणी लिहिले असेल, तर ते शासनाने. आमच्या पिढीच्या आठवणीतल्या प्रत्येक वऱ्हाडी घराच्या दाराजवळ गेरूने किंवा डांबराने लिहिलेला जनगणनेचा क्रमांक होता, हिवतापाच्या फवारणीच्या तारखा होत्या, आणि गावाच्या दर्शनी भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण होता. घरधन्याला कोणी विचारले नाही, कारण विचारण्याची गरज नव्हती. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या नवव्या कलमानुसार घरावर अक्षरे, खुणा किंवा क्रमांक रंगवू देणे हे रहिवाशाचे कर्तव्य आहे. याउलट, १९९५ च्या महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्याने नागरिकाच्या अशाच लेखनाला तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. या दोन तरतुदी शेजारी शेजारी ठेवल्या की भिंतीचा प्रश्न सौंदर्याचा कमी आणि अधिकाराचा जास्त आहे, हे उघड होते.

आता आमच्या शहरांकडे येऊ. अमरावती हे भिंतीचे शहर आहे. निजामाच्या अमलात, १८०७ मध्ये, पेंढाऱ्यांपासून व्यापारी पेठेचे रक्षण व्हावे म्हणून शहराभोवती परकोट बांधण्यास घेतला गेला. लांबी सुमारे सव्वादोन मैल, उंची वीस ते सव्वीस फूट, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. त्यांपैकी एका खिडकीचे नाव 'खुनारी'. १८१८ साली तेथे झालेल्या चकमकीत सातशे माणसे पडली, अशी आख्यायिका आहे. ते नाव कोणी दगडावर कोरले नाही, लोकांच्या तोंडी राहिले. संरक्षणासाठी उभारलेली ही भिंत शहर बाहेर वाढत गेले तशी निरुपयोगी झाली. निरुपयोगी झालेली भिंत ही लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी असते, कारण तिच्यावर पहारा नसतो.

याच अमरावतीत १३ नोव्हेंबर १९२७ रोजी इंद्रभुवन थिएटरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्य समाजाची परिषद भरली. अंबादेवीच्या मंदिरात प्रवेश मिळावा, हा तिचा विषय होता. ज्यांना भिंतीच्या आत येऊ दिले जात नव्हते, त्यांच्या नातवांनी पुढे भिंतीच्या बाहेरून निळ्या रंगात 'जय भीम' लिहिले. हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते बाबू हरदास एल. एन. विदर्भातल्याच कामठीचे. दोन शब्दांचा हा मजकूर आमच्या शहरांत किती भिंतींवर किती वेळा लिहिला गेला असेल याची गणती होणार नाही. त्याला क्रियापद नाही आणि त्याची गरजही नाही. आम्ही येथे आहोत, एवढे तो सांगतो.

राजकीय मजकुराला मात्र क्रियापद लागते. १९४२ साली ते आज्ञार्थी होते: 'चले जाव'. त्या वर्षीची किंमत वऱ्हाडातल्या दोन गावांच्या नावांतच लिहिली गेली आहे. यावली (शहीद) आणि बेनोडा (शहीद) ही नावे आजही एस.टी.च्या पाट्यांवर वाचता येतात. स्वातंत्र्यानंतर मात्र आज्ञार्थ मागे पडला आणि भिंतीवर एक नवे क्रियापद आले, ते पुढची चाळीस वर्षे हलले नाही. मुंबईपासून 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही घोषणा निघाली. इकडे राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली, ती बाजूला पडली, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, आणि आमच्या भिंतींवर 'वेगळा विदर्भ झालाच पाहिजे' आले. मागण्या परस्परविरोधी, पण वाक्य अक्षरशः एकच. १९६७ च्या ऑगस्टमध्ये कृषी विद्यापीठ अकोल्यालाच व्हावे म्हणून आंदोलन पेटले, गोळीबार झाला, माणसे गेली आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजी विद्यापीठ स्थापन झाले. त्याही मागणीचा साचा 'झालेच पाहिजे' हाच. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला, मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, १९७९ मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीपासून लाँग मार्च निघाला, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत वऱ्हाडातल्या भिंतींवरही 'नामांतर झालेच पाहिजे' हे वाक्य पुसले जात होते आणि पुन्हा लिहिले जात होते.

व्याकरणाच्या तासाला हे वाक्य कोणी तपासले आहे काय? 'केले पाहिजे' म्हटले तर कोणी करावे, हा प्रश्न येतो. 'झाले पाहिजे' म्हटले की तो येत नाही. 'होणे' हे अकर्मक क्रियापद मागणाऱ्याला लपवते आणि ज्याच्याकडे मागायचे त्यालाही अनामिक ठेवते. रात्री भिंतीवर लिहिणाऱ्याला असे क्रियापद सोयीचे होते, हे खरे. त्यात 'मी' नाही, तेव्हा पोलिसांना पकडायला कर्ता नाही. पण याहून अधिक काही तेथे आहे. दगडाचे 'करविले' झालेल्या गोष्टीची नोंद करते, भिंतीचे 'झालेच पाहिजे' न झालेल्या गोष्टीची. आणि त्यातला 'च' हा निश्चयाचा खरा, पण पूर्वी मागून न मिळाल्याची आठवणही त्याच अक्षरात आहे. पहिल्यांदाच मागणारा मनुष्य 'च' लावत नाही.

हे साचे पहिल्यांदा मोडले ते शेतकऱ्यांच्या चळवळीने. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा १९८० नंतर वऱ्हाडातल्या कापूसपट्ट्यात गावोगावच्या भिंतींवर गेली. येथे 'नको' आणि 'हवे' ही क्रियापदे आहेत. कोणाला नको, कोणाला हवे, ते लिहिलेले नाही, पण मराठीत 'हवे' म्हटले की 'मला' किंवा 'आम्हाला' मागोमाग येतोच. 'झाले पाहिजे'त जो माणूस दिसत नव्हता तो या वाक्यात भिंतीआडून डोकावतो. नाम बदलावे, राज्य व्हावे, विद्यापीठ यावे, या मागण्या समूहाच्या आणि प्रतिष्ठेच्या होत्या. दाम हवे ही मागणी ज्याच्या अंगाला घाम आला त्याची होती.

त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी वाक्य पुन्हा बदलले. २००५-०६ च्या सुमारास वर्धा जिल्ह्यातील डोर्ली या गावाने आपण विक्रीला काढल्याचे जाहीर केले आणि 'गाव विकणे आहे' हे शब्द विदर्भाबाहेरच्या वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचले. कर्ज, नापिकी आणि आत्महत्या यांची ती वर्षे. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. आमचे लक्ष मात्र त्या वाक्याकडे वेधते. 'विकणे आहे' हा छोट्या जाहिरातींचा वाक्प्रयोग: प्लॉट विकणे आहे, जुनी मोटारसायकल विकणे आहे. मागणीची भाषा जेथे संपली तेथे गावाने बाजाराची भाषा उचलली. एकाही टीकाकाराने या वाक्याचा उपहास म्हणून विचार केल्याचे आमच्या वाचनात नाही. ग्रामीण साहित्यावरचे आमचेच चर्चासत्र त्या काळात झाले आणि त्यात हे वाक्य आले नाही, हे आम्ही कबूल करतो.

ही वाक्ये लिहिली कोणी? नावे नाहीत, तरी वर्ग ओळखता येतो. दिवसा दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर रात्री चळवळीची भिंत लिहून देत असे. निवडणुकीच्या आधी पक्षाचे कार्यकर्ते रिकाम्या भिंतीवर 'राखीव' असे लिहून जागा अडवत, मग पेंटर येई. त्याचे अक्षर ओळखू येई, कारण शिरोरेघ सरळ असे आणि उकाराला ऐट असे. दुसरा वर्ग कॉलेजातल्या मुलांचा. त्यांचे साहित्य साधे: गेरू, चुना, कपड्यांची नीळ, रस्त्याच्या कामावरून आणलेले डांबर, आणि कुंचल्याऐवजी ठेचलेली काडी किंवा काठीला गुंडाळलेली चिंधी. डांबर पुसले जात नाही म्हणून राग डांबराने लिहिला जाई. घाईत लिहिलेली ओळ उजवीकडे उतरत जाई आणि शेवटची अक्षरे दाटीवाटीने बसवलेली असत. भिंतीवरच्या मराठीतील ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांवर विनोद करण्यापूर्वी ते लेखन अंधारात, एक कान रस्त्याकडे ठेवून झालेले आहे, हे ध्यानात घ्यावे.

तिसरा वर्ग असायला हवा होता आणि नाही, तो स्त्रियांचा. वऱ्हाडात मातीची भिंत ही बाईच्या हाताची. दिवाळीआधी पांढऱ्या मातीने ती पोतारायची, तिच्यावर हळदीकुंकवाचे हात उमटवायचे, नागपंचमीला नाग काढायचे. भिंतीची सगळी निगा तिच्याकडे, पण रात्री बाहेर पडून शब्द लिहिण्याची मोकळीक नाही. आमच्यापैकी अकोल्यात शिकवणारीचे म्हणणे असे, की भिंतीवर मुलींची नावे भरपूर असतात, पण त्यांनी लिहिलेली नसतात. स्वच्छतागृहांच्या दारांवर, बसथांब्यांच्या पाठीमागे, वर्गातल्या बाकांवर ज्यांची नावे आली त्यांतल्या काहींचे शिक्षण त्या नावांपायी थांबले आहे. म्हणून अनधिकृत भित्तिलेखनाचे सरसकट गुणगान आम्ही करू शकत नाही. भिंतीने दुबळ्याला वाचा दिली हे खरे, आणि तिने दुबळ्याची बदनामीही केली हेही तितकेच खरे. सायकल स्टँडची भिंत पांढरी करताना आम्ही जे पुसले त्यात या दोन्ही गोष्टी होत्या. आमची चूक पुसण्यात कमी आणि न वाचता पुसण्यात अधिक होती.

जगात अन्यत्र या लेखनाचा इतिहास वेगळ्या वळणाने गेला. २१ जुलै १९७१ रोजी न्यूयॉर्क टाइम्सने 'टाकी १८३' या मुलाविषयी वृत्तान्त छापला. टाकी हे त्याचे टोपणनाव, १८३ हा त्याच्या रस्त्याचा क्रमांक, आणि शहरभर लिहिलेला मजकूर इतकाच. तेथे नाव हाच मजकूर होता. पुढे त्याची शैली झाली, कला झाली, दालनांत गेली. दिल्लीत 'डाकू' या नावाने काम करणाऱ्या कलावंताने आपले टोपणनाव देवनागरीत भिंतींवर आणले, तेही याच कुळातले. पॅरिसच्या १९६८ च्या किंवा कोलकात्याच्या १९७० च्या भिंती आमच्या भिंतींना अधिक जवळच्या वाटतात, कारण तेथे मजकूर होता आणि नाव नव्हते. न्यूयॉर्कच्या मुलाला लोकांनी आपल्याला ओळखावे असे वाटत होते. वऱ्हाडातल्या मुलाला लोकांनी आपले म्हणणे ओळखावे आणि आपल्याला ओळखू नये असे वाटत होते.

येथे महानुभावांची आठवण होणे स्वाभाविक आहे. अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर हे त्या पंथाचे थोर स्थान. पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद करून ठेवले. ग्रंथकार माहीत होते, लिपी झाकलेली होती. भिंतीवर याच्या उलट: लिपी उघडी, लेखक झाकलेला. महानुभावांची लिपी उलगडण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांसारखा संशोधक लागला आणि मराठी गद्याचा आरंभ आपल्याला सापडला. उघड्या लिपीतले हे लेखन वाचायला मात्र कोणी आले नाही, कारण ते सर्वांनाच वाचता येत होते.

आणि आता ते जवळजवळ संपले आहे. टी. एन. शेषन १९९० ते १९९६ या काळात मुख्य निवडणूक आयुक्त असताना निवडणुकीच्या भिंती बंद झाल्या. १९९५ चा कायदा आला. त्यानंतरच्या दशकात फ्लेक्स आला आणि पेंटरचे काम गेले. फ्लेक्सवर मागणी नसते, शुभेच्छा असते, आणि नाव व छायाचित्र मजकुराहून मोठे असते. म्हणजे 'करविले' परत आले, दगडाऐवजी प्लास्टिकवर. २०१६ पासून स्वच्छ सर्वेक्षणाच्या निमित्ताने शहरांच्या भिंती चित्रांनी रंगू लागल्या. त्यांवर झाडू घेतलेले गाडगेबाबा असतात, झाडे असतात, वाघ असतात. गाडगेबाबा आमच्याच मातीतले. १८७६ मध्ये शेंडगावला जन्मले आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीच्या काठी त्यांनी देह ठेवला. ज्या माणसाने स्वतः एक ओळ लिहिली नाही आणि लोकांना प्रश्न विचारून विचारून जागे केले, त्याचे चित्र आज प्रश्नाची जागा भरून काढण्यासाठी वापरले जाते, हे आम्हाला खटकते. चित्रे सुंदर आहेत. पण जिल्हा परिषदेच्या शाळांत ज्यांना 'बोलक्या भिंती' म्हणतात त्या आपल्याला दिलेले तेवढेच बोलतात. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनात गावोगाव 'नेत्यांना गावबंदी'चे फलक लागले, तेव्हा जुन्या भिंतीचा आवाज थोडा काळ ऐकू आला. एरवी विद्यार्थ्याची तक्रार आज मोबाइलच्या स्टेटसवर येते आणि चोवीस तासांत आपोआप जाते. चुन्याची बादलीही लागत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या मागणीच्या समर्थनात नाणेघाटातल्या शिलालेखाचा दाखला वारंवार दिला गेला होता. दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिंतीवरून आपण भाषेचे वय सिद्ध करतो. मग चाळीस वर्षांपूर्वीच्या भिंतीवरून भाषेचे जगणे का सिद्ध करू नये? रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. त्याने आणि आमच्यासारख्या साध्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी निदान उरलेल्या ओळी टिपून घ्याव्यात: ओळ, जागा, रंग, साल, आणि पुसली गेली असल्यास पुसल्याची तारीख. जुन्या पेंटरांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. मुलींना विचारावे, की भिंत मोकळी मिळाली असती तर तुम्ही काय लिहिले असते. हे काम पदव्युत्तर प्रकल्पाच्या आवाक्यातले आहे.

त्या दोन वाक्यांकडे परत येऊन थांबतो. 'कापूस येचाले गेलतो. गैरहजर नोतो.' या लेखात आलेल्या सगळ्या भिंतींवर उघड प्रथमपुरुषी क्रियापद आम्हाला फक्त येथे दिसले. त्यात मागणी नाही, 'च' नाही, घोषणा नाही. एका मुलाने आपल्या नावापुढच्या आमच्या खुणेला दिलेले ते उत्तर आहे. 'गैरहजर' हा शब्द आमचा, आमच्या रजिस्टरातला. त्याने तो उचलला आणि आपल्या बोलीतल्या नकाराने खोडून काढला. वेचणीच्या दिवसांत आमच्या वर्गातली अर्धी बाके रिकामी असतात, हे आम्हाला पहिल्यापासून ठाऊक होते. त्या बाकांवरची मुले कुठे आहेत हेही ठाऊक होते. त्या मुलाने परीक्षा दिली की नाही, हे आम्ही कधी पाहिले नाही. पाहायचे तर रजिस्टर तेव्हाही आमच्याच टेबलावर होते. हल्ली वेचणी सुरू झाली की आम्ही हजेरीपटात अशा दिवसांपुढे वेगळी खूण करतो. नियमात तिला जागा नाही. वर्षअखेरीस टक्केवारी काढताना ती धरावी की नाही, यावर विभागात दरवर्षी वाद होतो. यंदाही झाला.